कार्नूस्टीवर पहिल्यांदा खेळताना: चेंडू कुठे चुकला तर चालेल?

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नेरुळला राहता, खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर बहुतेक रविवारी सकाळी खेळता, आपला हँडिकॅप (पारपेक्षा, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा, किती जास्त फटके लागू शकतात याचा अंदाज) २० च्या आसपास आहे आणि जूनच्या अखेरीस मुलीकडे एडिंबराला सहकुटुंब जाणार आहात. त्या सुट्टीतला एक दिवस आपण स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीच्या चॅम्पियनशिप गोल्फ कोर्ससाठी राखून ठेवला आहे. तिथे आधी चेंडू संपतात आणि मग धीर, असे मित्रांनी ऐकवल्यामुळे आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: नवीन ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) घ्यावा का, हाती असलेल्या दोन महिन्यांत स्विंगमध्ये काय बदल करावा, आणि ९० फटक्यांच्या आत फेरी पूर्ण होऊ शकेल का.

मी नवी मुंबईत गोल्फ शिकवते आणि इथल्या खेळाडूंबरोबर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोर्सेसवर खेळून आले आहे. त्या अनुभवावरून तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते: ड्रायव्हर घेऊ नका, स्विंगला हात लावू नका आणि ९० चा आकडा मनातून काढून टाका. मात्र एवढ्यावर थांबले तर आपला खरा प्रश्न तसाच राहील, कारण माझ्या मते तो या तिन्हींपेक्षा वेगळा आहे.

खारघरला खेळताना चेंडू कुठे मारायचा हे आपल्याला ठाऊक असतेच, पण त्याहून मोलाची एक गोष्ट ठाऊक असते आणि तिची आपल्याला जाणीवही नसते. ती म्हणजे चेंडू कुठे चुकला तरी फारसे बिघडत नाही. कोणत्या होलवर उजवीकडे गेलेला चेंडू सापडतो आणि कोणत्या होलवर तो कायमचा जातो, कोणत्या ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अलीकडे पडणे परवडते आणि कुठे मागे गेल्यास दोन फटके जादा पडतात, हे सगळे वर्षानुवर्षे खेळून अंगात मुरलेले असते आणि टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहिल्यावर पाय आपोआप त्या हिशेबाने पडतात. अनोळखी कोर्सवर आपला स्विंग तोच राहतो, फक्त हे ज्ञान शून्यावर येते. फटके वाढतात ते तिथे. पहिला वाईट फटका सगळ्यांच्याच हातून जातो. महाग पडतो तो त्यानंतरचा, आंधळेपणाने मारलेला दुसरा फटका. म्हणून आपल्या तयारीचा भर ‘कुठे चुकावे’ हे आधीच ठरवण्यावर असावा, असे मी सुचवेन.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवे. वारा पडलेला असेल आणि आपण पुढच्या, म्हणजे ग्रीनला जवळच्या, टीवरून खेळलात, तर कार्नूस्टी बरीच माणसाळलेली वाटेल. तोच कोर्स ताशी २५ मैलांच्या वाऱ्यात आणि पावसात मागच्या टीवरून खेळलात, तर मी लिहिलेले अर्धे सल्ले अपुरे पडतील. हवामान आपल्या हातात नाही, टी आहे. २०१८ च्या ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धेसाठी हा कोर्स ७,४०२ यार्डांचा होता आणि पार ७१. पाहुण्यांना पुढच्या टी मिळतात, पण त्यातही निवड असते. मी एक ढोबळ हिशेब वापरते: आपला ५ नंबरचा आयर्न (लोखंडी क्लब; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) सरासरी जितका जातो, त्याला ३६ ने गुणावे. तो १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्डांच्या आसपासचा कोर्स आपल्याला न्याय देतो. स्टार्टरने (फेऱ्या सुरू करून देणाऱ्या कर्मचाऱ्याने) जी टी सुचवली ती लांब वाटली, तर त्याहून पुढची मागायला संकोच करू नका. आपल्याकडे पुढच्या टीवरून खेळणे कमीपणाचे मानतात. त्या मानापायी लोक अख्खी फेरी लांब आयर्नने ग्रीनच्या अलीकडे पोहोचण्यात घालवतात.

९० च्या आकड्याबद्दल. हँडिकॅप इंडेक्स म्हणजे आपली सरासरी धावसंख्या नव्हे, तो आपल्या चांगल्या फेऱ्यांवर बेतलेला असतो, त्यामुळे रोजची फेरी त्याहून काही फटके वरच जाते. शिवाय तो कोर्सप्रमाणे बदलतो. सरासरी अवघडपणाच्या कोर्सचा स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा) ११३ धरतात आणि कमाल १५५. समजा आपण निवडलेल्या टीचा स्लोप १४० आहे, तर २० ला १४० ने गुणून ११३ ने भागले की जवळजवळ २५ येतात; त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) आणि पार यांतला फरक मिळवायचा. म्हणजे आपण अगदी मनासारखे खेळलात तरी धावसंख्या ९७ च्या घरात जाते, आणि तीही ओळखीच्या हवेत. म्हणून तिथे फटके मोजण्याऐवजी स्टेबलफोर्ड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक होलचे वेगळे गुण मोजावेत. एखाद्या होलवर डाव विस्कटला तर शून्य लिहून चेंडू उचलायचा आणि पुढे चालू लागायचे. हँडिकॅपप्रमाणे खेळल्यास ३६ गुण होतात. आपण पहिल्या भेटीत ३० पर्यंत गेलात तर ती उत्तम फेरी झाली असे मी म्हणेन.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: वारा आणि जमीन. कार्नूस्टी हा लिंक्स कोर्स आहे, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर वाढलेल्या बारीक, चिवट गवताचा. पाणी झरझर निथळते, जमीन टणक राहते आणि चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. आपल्याकडे बहुतेक फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू गवतावर जरा उचललेला बसतो आणि पावसाळ्यात तर पडला तिथेच रुततो. त्यामुळे इथला खेळाडू नकळत चेंडू हवेतून थेट झेंड्यापर्यंत न्यायला शिकतो. तिथे ही सवय सोडावी लागते. ग्रीनच्या अलीकडे दहा-वीस यार्डांवर चेंडू टाकून तो पुढे पळू द्यायचा असतो. ग्रीनच्या कडेपासून तीस यार्डांवर असाल आणि मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नसेल, तर लॉब वेजला (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबला) हात लावू नका. त्या वेजचा जाड तळ टणक जमिनीवर आपटून उसळतो, कडा चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. ७ किंवा ८ नंबरचा आयर्न पटरसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबसारखा) धरून हलकेच ढकलावा, नाहीतर सरळ पटरच काढावा. ग्रीनबाहेरून पटर वापरल्याबद्दल तिथे कुणी हसत नाही.

वाऱ्यासाठी माझा हिशेब असा: समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी प्रत्येक मैलामागे अंतर एक टक्का वाढवावे, पाठीमागून असेल तर अर्धा टक्का कमी करावे. १४० यार्डांवरचा झेंडा, समोरून १५ मैलांचा वारा, म्हणजे फटका १६१ यार्डांचा. तोच वारा पाठीशी असेल तर साधारण १३० यार्डांचा, आणि त्यातही चेंडू पडून पुढे धावणार हे लक्षात घेऊन आणखी अलीकडे टाकावा. समोरच्या वाऱ्यात जास्त जोर लावणे ही आपल्याकडची हमखास खोड आहे. जोराने मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, फिरकीमुळे तो वर चढतो, समोरचा वारा त्याला आणखी उचलतो आणि तो उंच जाऊन जागच्या जागी कोसळतो. त्यावर उपाय म्हणजे दोन नंबर लांब जाणारा क्लब (७ ऐवजी ५) घेणे, पकड बोटभर खाली सरकवणे, चेंडू एरवीपेक्षा किंचित मागच्या पायाकडे ठेवणे आणि पाऊण स्विंग संथपणे पूर्ण करणे. हा एकच फटका आपण येत्या दोन महिन्यांत पक्का केलात, तरी पुरे.

त्याचा सराव खारघरलाच होऊ शकतो. मे महिन्यात पाणी कमी मिळणाऱ्या कडेच्या पट्ट्यांत जमीन कडक होते. तिथून घरंगळणाऱ्या चिपचा सराव करावा. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटतो, पाऊस पडण्याआधीच्या दिवसांत तर तो चांगलाच झोंबतो. अशा सकाळी बाकीचे घरी परततात तेव्हा आपण वाऱ्याच्या तोंडावर उभे राहून तो पाऊण फटका मारावा. याच काळात आपली खरी अंतरेही नोंदवा. एखाद्या रिकाम्या सकाळी, कोर्सच्या परवानगीने, आपल्या रोजच्या चेंडूंपैकी दहा चेंडू एका क्लबने मारावेत, सर्वांत लांब गेलेले दोन आणि फसलेले दोन सोडून द्यावेत आणि उरलेले सहा जिथे टेकले तिथवरचे अंतर लिहावे. घरंगळून जिथे थांबले तिथवरचे नव्हे. सरावाच्या रेंजवरचे चेंडू बहुधा कमी जातात, म्हणून तिथले आकडे या कामाचे नाहीत. बहुतेकांना या नोंदीतून कळते की आपला ७ नंबरचा आयर्न आपण समजत होतो त्याहून दहा-पंधरा यार्ड कमी जातो. हे नेरुळला कळलेले बरे.

थंडीचा परिणाम लोक समजतात त्याहून कमी असतो. दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीलाच असल्यामुळे फरक पडतो तो तापमानाचा. आपल्या ३० अंशांवरून तिथल्या १४-१५ अंशांवर गेल्यावर चेंडू काही यार्ड कमी जातो, एवढेच. अंगावरच्या दोन-तीन थरांमुळे खांदे कमी वळतात, त्याचा फरक जास्त पडतो. ते सगळे कपडे अंगावर चढवून इथे एकदा रेंजवर घामाघूम व्हा.

ग्रीनबद्दल थोडेच. आपल्याकडच्या दूर्वेच्या जातीच्या ग्रीनवर गवताचा कल चेंडूला ओढतो आणि आपण तो वाचायला शिकतो. तिथे गवताचा हा कल फारसा जाणवत नाही, पण वारा लांबच्या पटला (पटरने मारलेल्या फटक्याला) वळवतो आणि खेळाडूलाही हलवतो. पाय थोडे जास्त फाकवून उभे राहावे. चेंडू दूरवरून ग्रीनच्या कडेला येऊन थांबण्याचे प्रसंग फार येतील, म्हणून तीन फुटांच्या पटपेक्षा पंधरा-वीस मीटरच्या पटचा सराव जास्त करावा.

आता बंकर. लिंक्सवरचे बंकर आडासारखे खोल असतात आणि त्यांची पुढची भिंत गवताच्या विटा रचल्यासारखी उभी असते. चेंडू त्या भिंतीला टेकून बसला असेल, तर झेंड्याकडे पाहूच नये. आडवे किंवा चक्क मागे खेळून बाहेर पडावे. तेही शक्य नसेल तर नियम मदतीला आहे: चेंडू न खेळण्याजोगा जाहीर करून एका दंडाच्या फटक्यात बंकरमध्येच सोयीच्या जागी टाकता येतो, आणि २०१९ पासून दोन दंडाचे फटके घेऊन झेंडा व चेंडू यांच्या रेषेत मागे, बंकरबाहेर येण्याचीही मुभा आहे. वीस हँडिकॅपच्या खेळाडूला दोन फटके देऊन बाहेर पडणे पुष्कळदा स्वस्तात पडते, कारण उभ्या भिंतीसमोर चारदा हात मारून चेंडू पायाशीच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. उंच वाढलेल्या गवतातही हाच न्याय: शोधायला तीन मिनिटे, सापडला तर सँड वेजने जवळच्या फेअरवेवर, आणि टीवरूनच शंका आली असेल तर तिथल्या तिथे दुसरा, तात्पुरता चेंडू मारून ठेवावा.

‘कुठे चुकावे’ हे ठरवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते या कोर्सच्या चार होलवरून सांगते. सहाव्या होलवर, म्हणजे एका लांब पार ५ वर, डाव्या हाताला हद्दीचे कुंपण आहे आणि फेअरवेत बंकर. बेन होगन यांनी १९५३ मध्ये ओपन जिंकली तेव्हा ते बंकर आणि कुंपण यांच्यातल्या अरुंद पट्टीत चेंडू टाकत, म्हणून त्या वाटेला त्यांचेच नाव मिळाले. ती वाट होगन यांच्यासाठी होती. आपण बंकरच्या उजवीकडे, अलीकडेच थांबणारा क्लब घ्यावा आणि एकूण चार फटक्यांत ग्रीन गाठावे. सोळावा होल पार ३ आहे, पण स्पर्धेच्या टीवरून जवळजवळ अडीचशे यार्ड. १९७५ मध्ये टॉम वॉटसन यांनी इथे ओपन जिंकली, आणि प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) धरून पाचही फेऱ्यांत त्यांना या होलवर पार मिळाला नाही. तेव्हा आपण तो पार ४ समजून ग्रीनच्या अलीकडे, सपाट जागी चेंडू ठेवलात तर त्यात काही गमावत नाही.

सतरावा आणि अठरावा होल बॅरी बर्न नावाच्या ओढ्याचे. तो दगडी काठांचा ओढा वळणे घेत दोन्ही होलना वारंवार आडवा येतो. १९९९ च्या ओपनमध्ये शेवटच्या होलच्या टीवर ज्याँ व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होते. सहा फटके लागले असते तरी विजय त्यांचाच होता. त्यांनी ड्रायव्हर घेतला, चेंडू बराच उजवीकडे गेला, पण सुदैवाने कोरड्या जागी राहिला. लोक त्या ड्रायव्हरला दोष देतात. माझ्या मते खरी घोडचूक दुसऱ्या फटक्याची. तिथून वेजने चेंडू ओढ्याअलीकडे टाकून आणखी दोन सोप्या फटक्यांत ग्रीन गाठता आले असते. त्यांनी २ नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनचा वेध घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून उलटा आला आणि दाट गवतात रुतला, तिथून मारलेला फटका पाण्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट दुमडून ते ओढ्यात उतरले, मग दंड घेऊन चेंडू टाकला, तो बंकरमध्ये गेला, आणि अखेर सात फटके झाले. प्लेऑफ पॉल लॉरी यांनी जिंकला. २००७ मध्ये याच होलवर पॅड्रिग हॅरिंग्टन यांचे दोन चेंडू ओढ्यात गेले, तरी सहावर होल संपवून त्यांनी पुढे प्लेऑफमध्ये बाजी मारली.

आपण अठराव्याला पार ५ समजावे. टीवरून हायब्रिड (लांब आयर्नऐवजी वापरायचा, मारायला सोपा क्लब), दुसरा फटका ओढ्याच्या निदान वीस-तीस यार्ड अलीकडे, आणि तिसरा वेजने ओढ्यावरून. वारा समोरून असेल तर त्या वेजऐवजी ९ नंबरचा आयर्न. ही योजना नेरुळहूनच लिहून न्यावी, कारण अठराव्या टीपर्यंत पाय भरून आलेले असतात आणि हॉटेलच्या खिडक्यांतून कुणीतरी बघत आहे असे उगीच वाटत राहते. अशी एकेक ओळ अठराही होलसाठी लिहावी. अधिकृत संकेतस्थळावरच्या होलच्या नकाशांवरून ते एका संध्याकाळी जमते. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असाव्यात: टीवरचा क्लब, चुकायची बाजू आणि अजिबात न जायची जागा.

ही योजना टीवरच कॅडीला (क्लबची पिशवी उचलून सल्ला देणाऱ्या सोबत्याला) दाखवा. कॅडी आगाऊ सांगून ठेवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे आणि बहुधा रोख. आपल्या सुट्टीत एकाच गोष्टीवर जादा खर्च करायचा असेल तर तो यावर करा. ‘उजवीकडे गेला तरी चालेल’ हे वाक्य तो टीवर उभ्या उभ्या सांगेल, आणि आपल्याकडे नेमकी तीच माहिती नाही. मात्र त्याला आपली ती सहा चेंडूंची अंतरे द्या, सर्वोत्तम फटक्याची नव्हे, आणि आपला चेंडू सहसा उजवीकडे फिरतो हेही पहिल्याच टीवर सांगा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. पावसासाठीचे हातमोजे, दोन टॉवेल, वारा अडवणारे जाकीट आणि डझनभर चेंडू पुरेत. बहुतेक लिंक्सवर चालावेच लागते, म्हणून जाण्याआधी महिनाभर पाम बीच रोडवर असो की खारघरच्या टेकड्यांत, रोज तासभर चाला. शेजारी बॅरी बडनचा लष्करी सराव-प्रदेश आहे. स्विंगच्या मध्येच गोळीबार ऐकू आला तर दचकू नका.

वेळापत्रकाबद्दल एक आग्रहाची सूचना. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस कोर्सवर जाऊ नये. कार्नूस्टीला चॅम्पियनशिपखेरीज बर्नसाइड आणि बडन असे आणखी दोन कोर्सेस आहेत. शक्य असेल तर आदल्या दुपारी बर्नसाइडवर खेळा. तीच वाळू, तेच गवत, तोच वारा, खर्च कमी, आणि चेंडू किती घरंगळतो हे दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या टीआधी हाताला कळलेले असते. जूनअखेरीस रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे एडिंबराहून डंडीमार्गे रेल्वेने दुपारी पोहोचूनही ही फेरी सावकाश होते. घरच्यांचा मुक्काम सेंट अँड्र्यूजला ठेवता आला तर पाहा. रविवारी तिथला ओल्ड कोर्स एरवी खेळासाठी बंद असतो आणि लोक त्यावर मोकळेपणाने फिरतात, त्यामुळे गोल्फ न खेळणाऱ्यांनाही तो दिवस आपला वाटेल. चॅम्पियनशिप कोर्सची वेळ आरक्षित करताना हँडिकॅप प्रमाणपत्राची अट वाचून घ्या, ते क्लबकडून आत्ताच मागून ठेवा, आणि पर्याय मिळाल्यास सकाळची वेळ घ्या, कारण किनाऱ्यावर वारा दुपारी वाढण्याचीच शक्यता जास्त असते.